एकाच हातात ग्लोव्ह

"नेहमीचं लिही आणि पाठवून दे," देसाई सर म्हणाले. "ऑपरेटरचं दुर्लक्ष. ताकीद दिली. ट्रेनिंग दिलं. संपला विषय."

आमचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. तेलाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतो. मी क्वालिटी इंजिनिअर, देसाई सर माझे मॅनेजर. पुण्याच्या ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला होता. झाकणं पूर्ण बसत नव्हती, तेल गळत होतं. अशा वेळी ग्राहकाला इंग्रजीत रिपोर्ट द्यावा लागतो. चूक का झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय केलं, एवढंच त्यात हवं असतं. तीन महिन्यांतली ही तिसरी तक्रार. आधीचे दोन रिपोर्ट मीच लिहिले होते. लिहिले कसले, जुन्या फाइलमधून उचलून तारीख बदलली होती. दोन्हींत दोष सुनंदाताईंचा.

सुनंदाताई झाकणं तपासायच्या. गेली चौदा वर्षं. तिसऱ्या रिपोर्टमध्ये नाव आलं की कामावरून कमी, असा आमच्याकडे नियम. त्यांना तो ठाऊक होता. मला त्यांच्या टेबलासमोरून जायची लाज वाटत होती.

पण या वेळी मध्ये आल्या कर्णिक मॅडम.

मी डिप्लोमावर नोकरीला लागले, डिग्री राहूनच गेली. चाळिशी उलटल्यावर ठाण्यातल्या एका कॉलेजात शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातलं. इंग्रजी सक्तीचं. ते शिकवायला कर्णिक मॅडम. रोज इंग्रजीत रिपोर्ट पाडणाऱ्या बाईला या काय शिकवणार, अशी माझी घमेंड. पहिला निबंध होता कामाच्या ठिकाणावर. मी लिहिलं, आमच्या गेटसमोर पुष्कळ झाडं आहेत. वीसपैकी पाच मार्क! समासात लाल शाईने दोन प्रश्न: किती? तुम्ही पाहिली का?

सोमवारी तणतणत गेटवर उभी राहिले. झाड एकच होतं. दुसरा होता तो विजेचा खांब.

तो निबंध मी सात वेळा लिहिला. डोंबिवलीला घरी नवरा म्हणायचा, "अगं, एवढ्यात नवा कारखाना बांधून झाला असता." सातव्या वेळी मॅडमनी काहीही न लिहिता पान परत दिलं. तो अख्खा दिवस मी हवेत होते.

तर या तिसऱ्या रिपोर्टसाठी मी कॉम्प्युटरवर लिहिलं, ऑपरेटरने झाकणं नीट तपासली नाहीत. आणि बोटं थांबली. तुम्ही पाहिलं का? नव्हतं पाहिलं. वही घेऊन खाली शॉपफ्लोअरवर गेले आणि ताईंच्या शेजारी स्टूल ओढलं.

"आता काय बघायचं ऱ्हायलंय मॅडम?" ताई म्हणाल्या.

"मलाही माहीत नाही. तुम्ही काम करा, मी लिहिते."

दिसेल ते लिहीत गेले. मशीनमधून झाकण येतं. ताई ते गेजवर बसवतात. गेज म्हणजे बाटलीच्या तोंडाच्या मापाचा लोखंडी तुकडा. त्यावर झाकण पूर्ण बसलं की पास. एकही झाकण न तपासता सुटत नाही. ताई डाव्या हातात ग्लोव्ह घालतात.

हे वाक्य उतरलं आणि पेन अडलं.

"ताई, एकाच हातात ग्लोव्ह का?"

"चटका बसतो ना. झाकण याच हातानं उचलते. घाण्यातून काढलेल्या वड्यासारखी गरम येतात."

"आधीपण घालायचात?"

"आधी कशाला? टेबल तिकडं खिडकीपाशी होतं. क्रेट भरून तिथं येईस्तोवर गार व्हायची. नवीन मशीन आलं, तवा टेबल इथं आणलं."

नवीन मशीन येऊन तीनच महिने झाले होते. गार होताना प्लास्टिक आकसतं, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकलेली मी! पास झालेली दहा झाकणं बाजूला ठेवली. दोघींनी चहा घेतला. अर्ध्या तासाने त्यातली सात गेजवर बसेनात. टेबल खिडकीशी असताना ही सात ताईंनीच बाद केली असती.

"अवो मॅडम, बघा! बघा!" ताई इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या मशीनवरचे लोक धावत आले.

रिपोर्ट अर्ध्या पानाचा झाला. देसाई सरांनी तो दोनदा वाचला. टेबल त्यांच्याच सांगण्यावरून हललं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"टेबल कोणी हलवलं ते नाही लिहिलंस?"

"मी पाहिलं नव्हतं, सर. रजेवर होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "हे कुठे शिकलीस?"

"कॉलेजात. इंग्रजीच्या तासाला."

त्यांनी सही केली. खाली मी आणखी दोन ओळी घातल्या: आधीचे दोन रिपोर्ट मी न पाहता लिहिले; त्यातला ऑपरेटरवरचा दोष मागे घेत आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी तेच.

ग्राहकाने रिपोर्ट मान्य केला. टेबल खिडकीपाशी परत गेलं, ताईही टेबलासकट गेल्या. मला एवढंच कळलं, की खुर्चीत बसून सुचलेलं कारण बहुधा खुर्चीतल्या माणसाच्या सोयीचंच असतं.

दुपारी डबा खाताना ताईंनी सगळा रिपोर्ट माझ्याकडून मराठीत वाचून घेतला.

"गरम वड्याचं नाही घातलंत?"

"राहिलं."

"मग काय लिहायला शिकलात?"

इंग्रजीत मला शेवटी बी ग्रेड मिळाली. ताईंच्या मते तीही जास्तच.