बर्फ तिचा, रंग माझा

मोठ्या जाऊबाईवर मी सूड उगवला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं मन द्रवेल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. तोंडावर मी तिला ‘बाई’ म्हणते, अहो-जाहो करते. इथं मात्र एकेरीतच लिहिणार आहे. तेवढं सुख मला हवं आहे.

आमचं गाव दवनीवाड्याच्या पुढं. दोघे भाऊ मिळून धान पिकवतात. आम्हा जावांच्या चुली वेगळ्या, अंगण एक. फ्रीजही घरात एकच. तो तिच्या माहेरून आंदणात आलेला, म्हणून तिच्या खोलीत. या फ्रीजनंच सगळं घडवलं.

मला क्रोशाचं वेड लहानपणापासून. पण गोंदियाच्या बाजारात सुताचे रंग म्हणजे लाल, पिवळा, हिरवा, आणि वर दुकानदाराचं ‘यही चलता है, भाभी’. एकदा फोनवर एक बाई बर्फानं सूत रंगवताना दिसली. पांढऱ्या लडीवर बर्फाचा ढीग, बर्फावर रंगाची भुकटी, आणि बर्फ वितळेल तसा रंग खाली उतरत जातो. कुठं गडद, कुठं फिका, एका रंगातून दुसरा फुटलेला. मी ते इतक्या वेळा बघितलं की नवरा म्हणाला, “आता का तोंडपाठ करून राहिली का?” मी तेच करत होते.

भुकटी कुरिअरनं मागवली. बर्फ पहिल्यांदा आठवडी बाजारातल्या मासळीवाल्याकडून आणला. रंग सुरेख उतरला, पण लडीला असा वास की मांजर दोन दिवस दोरीखालून हललं नाही. त्या लडीचं मी पायपुसणं विणलं, आणि घरातल्या फ्रीजकडं वळले.

काम तसं सोपं आहे, घाई तेवढी करायची नाही. सूत आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घालायचं. हाच त्यातला मुख्य भाग. हा सोडा नसेल तर रंग सुताला धरतच नाही, नुसता वर बसून राहतो. मग लड पिळायची, बांबूची टोपली घमेल्यावर पालथी घालून तिच्यावर पसरायची. बर्फ कापडात गुंडाळून वरवंट्यानं फोडायचा, लडीवर रचायचा. नाकाला रुमाल बांधून चहाच्या गाळणीतून भुकटी भुरभुरवायची. त्या गाळणीतला चहा पुन्हा प्यायचा नाही. वर झाकण घालून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. जांभळी भुकटी मला सगळ्यांत लाडकी. ती बर्फावर पडली की तिच्यातला गुलाबी एका वाटेनं जातो आणि निळा दुसऱ्या वाटेनं.

लड भिजवणं मी माझ्या मोरीत, सकाळची कामं उरकता उरकता करून टाकत असे. बर्फ मात्र मोठीच्या फ्रीजमधून काढावा लागे. माझे स्टीलचे डबे तिच्या भाज्यांच्या वर ठेवलेले असत. त्यामुळं डबा काढला की ती मागोमाग अंगणात यायची, आपल्या ओट्यावर बसायची आणि मी झाकण घालीपर्यंत बघत राहायची. “कसा फुटून राहिला वो रंग!” म्हणायची. मला बरं वाटायचं. घरात माझ्या कामाकडं इतका वेळ बघणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मी नाकारत नाही.

एके दिवशी तिनं फोन काढला आणि माझे हात टिपले. हात बर्फ रचताहेत, हात भुकटी भुरभुरवताहेत, हात झाकण घालताहेत. मला वाटलं, ठेवत असेल आठवण म्हणून. तिनं नंतर त्या व्हिडिओत आपला आवाज भरला, “बायांनो, आता मी हा बर्फ असा मांडते,” आणि बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. हात माझे, आवाज तिचा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ गटातल्या बाया तिलाच विचारत होत्या, तिचंच कौतुक करत होत्या. मी बाजूला घागर धरून उभी. एकीनं तर मला म्हटलं, “तुमी बी शिका ना जेठानीपासून.”

घरी आल्यावर मी तिला विचारलं. ओरडले नाही. “बाई, तो व्हिडिओ माझा होता ना?”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बर्फ कोनाचा होता वो लहाने?”

बस्स, एवढंच. बर्फ तिच्या फ्रीजचा, म्हणून रंग तिचा, म्हणून हातही तिचे. हिशोब तिच्या मनात इतका चोख होता की तिला त्यात चोरी दिसतच नव्हती. याचाच मला जास्त संताप आला. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. मला तेव्हा तिच्या अंगावर घमेलं उपडं करावंसं वाटलं होतं, हे लिहून ठेवते.

पण मी चोरखमाऱ्याच्या तलावाकडची. माझ्या माहेरचे लोक पिढ्यान् पिढ्या तलाव बांधत आले. पाणी कसं अडवायचं आणि वेळ आली की तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडून कसं सोडायचं, हे आमच्या घरात पोरींनाही ठाऊक असतं. मी गप्प बसले. बर्फाचे डबे भरत राहिले, ती ओट्यावर बसली की हसून बोलत राहिले.

मग तालुक्याला महिला मेळावा ठरला. गटाकडून एका बाईनं स्टेजवर काही करून दाखवायचं होतं आणि गटानं अर्थातच तिचं नाव दिलं. जी बाई तिथं छाप पाडेल तिला पुढं गावोगावी शिकवायला नेणार, असंही कानावर आलं. ते काम माझं होतं. मला ते फार हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काही येतं म्हणून बोलावलं असतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात आली. “लहाने, थोडी भुकटी देजो.” मी जांभळी दिली, भरपूर दिली. कद्रूपणा केला असं कुणी म्हणायला नको. मग ती जरा घुटमळली.

“भिजवाच्या पान्यात का टाकतेस वो तू?”

“सोडा,” मी म्हटलं.

“किती?”

“बादलीले एक वाटी.”

ती गेली. मी मागून हाक मारली नाही. आमच्या गावात आता ‘सोडा’ म्हटलं की एकच सोडा, भज्यांत घालतात तो. धुण्याचा सोडा साबणाची पावडर आल्यापासून कुणी घेत नाही. मला तो एका जुन्या किराणा दुकानात, मागं पडलेल्या पोत्यातून मिळतो आणि दुकानदार प्रत्येक वेळी विचारतो, “कायले पाह्यजे बाई?” मोठीला बर्फापासून पुढचंच माहीत होतं. मोरीतलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं, कारण मोरीत तिचं काही नव्हतं. थोड्या वेळानं तिच्या स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी माझा भात उतरवला आणि पोटभर जेवले.

मेळाव्यात तिनं छान केलं. खोटं कशाला बोलू? बोलायला ती हुशारच. बर्फ रचला, भुकटी टाकली, गुलाबी आणि निळा लडीत उतरू लागला तसा सभागृहातून आवाज निघाला. टाळ्या झाल्या, शाल-नारळ झालं. मी मागं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते आणि माझे दात एकमेकांवर घासत होते. इथंच तर तिचं हसं व्हायला हवं होतं! पण रंग धुतल्याशिवाय कच्चा की पक्का कळत नाही, हे त्या रागात मीच विसरले होते. आणि तिनं स्वतःहून माझं काम सोपं केलं. घरी भिजवून रंगवून आणलेल्या बाकीच्या लड्या तिनं पाहुण्या बायांना वाटून टाकल्या. “उद्या धुवून घेजा, अन् मंग विणा,” असं माइकवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घरोघरच्या बादल्या जांभळ्या झाल्या. एकीनं लडीबरोबर नवऱ्याची पांढरी बंडी भिजवली होती. लड पुन्हा पांढरट झाली आणि बंडी जांभळी. मोठीचा फोन दिवसभर वाजत होता. मी अंगणात लाखोळीच्या शेंगा सोलत सगळं ऐकत होते. आधी ती म्हणाली, तुमच्या गावचं पाणी खराब. मग म्हणाली, सूतच वाईट होतं. त्या दुपारी शेंगा सोलताना मला जितका आनंद झाला तितका स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

संध्याकाळी मात्र तिला नवं कारण सापडलं. “बर्फाचा रंग कच्चाच असते वो,” ती फोनवर म्हणाली, “दिसाले साजरा, टिकत नाही.” ही थाप पहिल्या दोन्हींपेक्षा चांगली निघाली, कारण ती सगळ्यांना पटली. आठवड्याभरात अलीकडं माझ्याकडून लड्या विकायला नेणारा गोंदियाचा दुकानदार म्हणाला, “भाभी, सुना है कलर जाता है.” तिचं गावोगावी शिकवायचं काम गेलं होतं, ते ठीकच. पण ती जाता जाता माझा रंगही घेऊन चालली होती.

आता दोनच वाटा होत्या. सोड्याचं सांगितलं तर मी मुद्दाम दडवलं हे उघडं पडणार. गप्प बसले तर माझं सूत संपलं. मी तिसरी वाट काढली. गटाची बैठक बोअरिंगजवळच्या पटांगणात होती. मी घरून उकळतं पाणी, साबण आणि माझ्या लड्या घेऊन गेले, सगळ्यांसमोर लड्या त्या पाण्यात बुडवल्या आणि काठीनं ढवळल्या. पाण्याला जेमतेम गुलाबी झाक आली. लड्या तशाच्या तशा.

“मंग बाईचा काऊन गेला?” एकीनं विचारलं.

“ते बाईले माहीत,” मी म्हटलं. “माझा पाहाचा असन तर माझ्या अंगणात या. सगळं करून दाखवते.”

मोठी तिथंच होती. ती उठून घराकडं चालू लागली.

बाया यायच्या दिवशी फ्रीजला कुलूप लागलेलं दिसलं. मी लादी विकत आणली, बर्फाच्या कारखान्यातली, धानाच्या कोंड्यात गुंडाळलेली. कोंडा धुऊन काढायला माझा बराच वेळ गेला आणि प्रत्येक कुसळासोबत मी तिला एक शिवी हासडली, मनातल्या मनात. बाया आल्या, सतरंजीवर बसल्या. मोठीला घरात बसून राहणं शक्य नव्हतं, अंगण तिचंही आहे. ती आपल्या ओट्यावर बसली, नेहमीच्या जागी.

मी पहिल्यापासून सुरू केलं. बादली पुढं ओढली. सोड्याची पुडी मी आधीच एका साध्या वाटीत काढून ठेवली होती. पांढरी भुकटी. लांबून ती साखर आहे की मीठ, काही कळणार नाही. वाटी बादलीत उपडी करत मी म्हटलं, “पान्यात एक वाटी सोडा टाकाचा.” आणि थांबले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोडा म्हणजे सोडा, त्यात विचारण्यासारखं काय होतं? एकजण म्हणाली, “पुढं सांगा ना वो बाई.” पण मी पुढं काहीच केलं नाही. लड हातात धरून उभी राहिले. त्या सगळ्यांत एकच बाई अशी होती जिला त्या शब्दात काहीतरी आहे हे कळलं होतं. तिच्या हातून बादल्या भरून रंग वाहून गेला होता. मी तिच्याकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. बाया कुजबुजू लागल्या, काऊन थांबली म्हणून. मला घाई नव्हती. संध्याकाळपर्यंत उभं राहायची माझी तयारी होती.

शेवटी ओट्यावरून आवाज आला, अगदी बारीक. “कोनता सोडा?”

सगळ्या बाया मागं वळल्या. ज्या बाईनं स्टेजवर शाल घेतली होती, तिनं विचारलं होतं. काहींच्या तोंडावर मला हवं होतं ते उमटायला लागलं.

मला ऐकू आलं होतं. स्पष्ट ऐकू आलं होतं.

“का म्हनलं बाई?” मी कानामागं हात नेला. “जरा मोठ्यानं इचारा.”