नळीखालची गाठ

लिफ्टवाले आणि त्यांचे साडू यांचं एरवी छान जमायचं. वाजायचं ते एकाच गोष्टीवरून, आणि ती गोष्ट जेमतेम वीतभर लांबीची होती. कार्प मासा पकडायचा तर गळाची जोडणी, म्हणजे तलावावरच्या लोकांच्या भाषेत 'रिग', साधी असावी की भानगडीची, हा तो वाद. दर रविवारी जुन्या खाणीच्या तलावावर घडीच्या खुर्च्या शेजारी शेजारी टाकून दोघे तो नव्याने सुरू करायचे.

साडू बेकरीत भट्टीवर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "गळ, दोरा, शिसं. गळामागे दोऱ्याचं एक शेपूट आणि शेपटाला मक्याचा दाणा. मासा दाणा ओढून घेतो, पाठोपाठ गळ तोंडात. संपलं! आणखी काय पाहिजे, झुंबर?"

लिफ्टवाल्यांना हा शुद्ध अडाणीपणा वाटे. त्यांचा जन्म लिफ्टच्या मशीनरूममध्ये गेला होता, आणि लिफ्टमध्ये एक वॉशरसुद्धा उगाच नसतो, हे ते भेटेल त्याला ऐकवत. कार्प काही खुळा नव्हे. तो वस्तू तोंडात घेऊन चाखतो आणि संशय आला की थुंकून टाकतो. थुंकता थुंकता गळ वळून त्याच्या ओठात बसला पाहिजे, आणि तो बसायचा तर यंत्रणा हवी. म्हणून त्यांच्या रिगमध्ये दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या दोन इवल्याशा फिरक्या, एक कडी, मणी, आणि या सगळ्यावर गरम पाण्यात आवळून बसणारी रबरी नळी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी याची आकृती काढली होती, दोन रंगांच्या शाईत, बाण दाखवून. तलावावरची मंडळी त्यांना 'इंजिनिअर' म्हणायची. त्यात निम्मी टिंगल होती, पण लिफ्टवाल्यांनी ती पूर्ण कौतुकाच्या खात्यात जमा करून टाकली होती.

बांधायचं काम मात्र बायकोचं. वायररोप ओढून ओढून लिफ्टवाल्यांची बोटं केळ्यांसारखी झालेली, आणि बायको घरी बसून शिंप्यांच्या दुकानांसाठी काजं-बटणं करायची. तिच्या हातचं काज उलटसुलट पाहिलं तरी सुलट बाजू कुठली ते कळू नये. संध्याकाळी शर्टांचा गठ्ठा बाजूला सारला की ती नवऱ्याच्या रिग बांधायला घ्यायची. गाठ मनासारखी बसली की उरलेला दोरा दातांनी कुट्कन तोडायची आणि रिग डब्यात टाकायची. कात्री शेजारी असली तरी दातच. डबा कधी रिकामा पडला नाही, आणि लिफ्टवाल्यांना मासेही मिळत गेले. प्रत्येक मोठा मासा वजन करून पाण्यात परत सोडताना ते साडूंकडे वळून म्हणत, "बघा, यंत्रणा!"

मग एकदा शिंप्याकडून शर्ट परत आले. काजं तिरकी होती. असं कधी झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं, घरी येऊन सुयांची डबी कपाटात वर ठेवली, आणि शिंप्यांनीही कामं पाठवणं बंद केलं.

लिफ्टवाले मूग गिळून बसले. रिग बांधून दे म्हणावं, तर तिच्या दुखऱ्या जागी बोट ठेवल्यासारखं होईल. न म्हणावं, तर रविवार चालायचा कसा? तलावात बुडालेले बुंधे होते, दगड होते. दर खेपेला एखादी रिग तुटायचीच. डब्याचा तळ दिसायला लागला. दुकानात तयार रिग मिळत होत्या, पण त्या घेणं म्हणजे बायकोचं काम संपलं असं तिच्या देखत जाहीर करणं. ते त्यांच्याच्याने होईना. मासेमारी सुटली तरी चालेल, पण रिग संपत आल्यात हे तिला कळता कामा नये, असं त्यांना वाटायचं. आणि मासेमारी सुटणार या विचाराने जेवण जायचं नाही. दोन्ही खरं होतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच शिकायचं. जेवणाच्या सुट्टीत मशीनरूममध्ये आकृती समोर पसरून बसले. फिरकी बोटातून निसटून जाळीतून खाली गेली. दुसरी गेली. तिसरी धरून ठेवली तर दोरा गेला. मोटार चालू-बंद होत राहिली आणि लिफ्टवाल्यांनी हात टेकले. तेव्हा त्यांना सुचलं की बायकोने बांधलेली एक रिग उघडून आत बघावं. डब्यात दोनच उरल्या होत्या. त्यांतल्या एकीची रबरी नळी त्यांनी पात्याने अलगद चिरली.

आत फिरकी नव्हती. कडी नव्हती. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे काही वेढे होते, एकाला एक चिकटून, आणि दोरा गळाच्या नेढ्यातून बाहेर पडला होता. बस. दिसायला नळी आणि मणी, आत काहीच नाही.

सुट्टी संपायच्या आत ते बेकरीत गेले. साडू पिठाचे हात पुसत बाहेर आले. लिफ्टवाल्यांनी तळहात पुढे केला. साडूंनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही तर माझी," ते म्हणाले.

"तुमची कशी? माझ्या डब्यातली आहे!"

"तशी नव्हे हो. माझ्यासारखी. हे वेढे बघा ना." साडू घुटमळले. "आता लपवून काय करू? माझ्याही ताईच बांधायच्या. सकाळी तुमच्या घरी पाव द्यायला येतो ना, तेव्हा घेऊन जायचो. पण तीन महिने झाले, मलाही मागायचं धाडस होत नाही. मी आता बिनगळाचाच बसतो शेजारी. तुम्ही पाहिलं नाहीत?"

लिफ्टवाल्यांनी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो त्याची आणि आपली गाठ एकच, हे ऐकून त्यांना आधी हसू फुटलं आणि मग भयंकर राग आला. साडूंवर नाही. घरी जाईपर्यंत तो राग त्यांनी चांगला तापवत नेला, आणि साडू भट्टी दुसऱ्यावर सोपवून मागोमाग आले.

बायको खिडकीजवळ बसली होती. त्यांनी चिरलेली रिग तिच्या हातात ठेवली. तिने चाचपली आणि ओळखली.

"फोडलीत होय?"

"फिरक्या कुठे गेल्या?"

"बटणांच्या बरणीत."

बरणी खरंच निम्मी फिरक्यांनी भरली होती. कड्या ती पिशव्यांच्या चेनना लावत आली होती. लिफ्टवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, इतकी वर्षं मी सगळ्यांना यंत्रणा, यंत्रणा म्हणून सांगतोय! चारचौघांत माझं हसं केलंस तू."

"पहिली तुमच्या चित्राप्रमाणे केली होती. अख्खी दुपार गेली. पाण्याच्या बादलीत सोडली तर सगळं एकमेकांत गुरफटून बसलं. म्हटलं, माशाला चित्र कुठे दाखवायचंय? साधे वेढे घेतले, वर नळी चढवली. तुम्हाला मासे मिळाले, तुम्ही खूश. कार्पने कधी तक्रार केली?"

साडू हसले. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तुम्ही हसू नका. दोन मिनिटांत बांधतो म्हणून माझ्या बहिणीला सांगत होतात."

लिफ्टवाले अजून फणफणत होते. पण मग ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातली गंमत गेली होती, "तीन महिन्यांत दोघांपैकी एकाने विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. मी रोज वाट बघायची. मला वाटलं, तुम्ही ठरवून टाकलंत की हिचं संपलं."

लिफ्टवाल्यांचा राग तिथेच ओसरला. त्यांना इतकी शरम वाटली की ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. तिचं मन जपायला म्हणून ते गप्प राहिले होते, आणि नेमकं तेच तिला आतून खात होतं.

"मला दिसत नाही तितकं," ती म्हणाली. "पण येतं मला अजून. बसा दोघे. गळ आणा."

जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. ती सांगायची, हे करायचे. शेपटाला आधी फास, मग दोरा नेढ्यातून, मग दांड्यावर वेढे, एकावर एक चढू न देता. शेवटी टोक परत नेढ्यातून घालायचं. साडूंचं तिसऱ्या खेपेला जमलं, आणि त्यांनी ते घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. लिफ्टवाल्यांचं जमेना. वेढे नीट आले, दोरा नीट आवळला, तरी ती रिग हातात घेऊन म्हणायची, "सोडा."

"न बघता कसं कळतं तुला?"

तिने डावा तळहात पसरला, गळ त्यावर ठेवला आणि दोरा हळू ओढला. गळ सरळ घसरत बोटांवरून खाली पडला. "वळला पाहिजे. वळून रुतला पाहिजे. तुम्ही दोरा उलट्या अंगाने घालताय. गळाच्या पाठीकडून घाला, पोटाकडून बाहेर काढा."

लिफ्टवाल्यांनी सोडला, पुन्हा बांधला. घसरला. पुन्हा. साडू एव्हाना चहा ठेवायला उठले होते आणि आतून विचारत होते, "काय हो इंजिनिअर, यंत्रणा बसली का?" जीभ दाताखाली धरून ते केळ्यासारख्या बोटांनी वेढे लावत राहिले. दोरा पाठीकडून घातला, पोटाकडून काढला, ओला करून आवळला आणि तिच्या हातात दिला.

तिने गळ तळहातावर ठेवून दोरा ओढला. गळ थोडा घसरला, मध्येच वळला आणि टोकाने कातडी पकडली.

"आई गं!" ती म्हणाली, आणि हसली.

"लागलं का गं? बघू."

तिने हात दाखवला नाही. गळ स्वतःच सोडवून घेतला आणि हात तोंडाकडे नेला. लिफ्टवाल्यांना वाटलं, रक्त चोखतेय. तेवढ्यात कुट्कन आवाज आला. फासाचा उरलेला दोरा तिने दातांनी तोडला होता.

मग तिने चाचपडत डबा जवळ ओढला आणि रिग आत ठेवली.

"दुसरा गळ घ्या," ती म्हणाली.