डेल्फियाची कोरडी फडकी

डेल्फिया स्ट्राउडच्या घरी तेलाची बाटली नव्हती. तूप नाही, चरबी नाही. लोणी होतं, पण ते पावाला थंडच लावायचं, तव्यावर घालायचं नाही. आमच्या हार्लन क्रॉसिंगसारख्या गावात, जिथे लोक टोमॅटोसुद्धा तळून खातात, तिथे असं घर म्हणजे नवलच. लोक म्हणायचे, नवरा तळणीत गेला, बाईनं धसका घेतला. ते खरंच होतं. पण ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं ती एकतीस वर्षं पोटात घेऊन हिंडत होती.

मी तिची शेजारीण. नाव मोझेल. शाळा मी सहावीत सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर त्या माझ्या. डेल्फियानं सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर सांग, पण मला गोड करून सांगू नकोस." तर नाही करत.

ती सोळाव्या वर्षी काकडीच्या कारखान्यात लागली. तेव्हा अख्खं गाव त्या कारखान्यावर जगायचं. मागच्या आवारात लाकडाचे टोलेजंग हौद, त्यात खारवलेल्या काकड्या. सरकत्या पट्ट्यावरून काकड्या यायच्या आणि डेल्फिया त्या लहान, मध्यम, मोठ्या अशा निवडायची. हाताला शेपूचा आणि सिरक्याचा वास कायमचा लागला. आर्व्हिल हौदावर काम करायचा. तो म्हणायचा, आमचं लग्न वासावरून जमलं, कारण बाहेरच्या कुणी आम्हाला जवळ उभं केलं नसतं.

लग्नानंतर आर्व्हिलनं नोकरी सोडली आणि रस्त्याच्या कडेला एक खिडकीचं दुकान काढलं. खारातल्या काकडीच्या चकत्या, पिठात घोळवून तळलेल्या. शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा सामना सुटला की खिडकीपुढे रांग लागायची. आर्व्हिल कढईवर, त्याचा धाकटा भाऊ हॉयट पुड्या बांधायला, आणि डेल्फिया मागे चकत्या करायला. चकत्या केल्या की त्या फडक्यात दाबून कोरड्या करायच्या. पिठाच्या पोत्यांची चौदा फडकी होती तिच्याकडे. हे काम तिचं.

चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी कढईतलं तेल उतू गेलं, शेगडीवर सांडलं आणि पेटलं. हॉयटनं हाताशी असलेली खाराची बादली उचलली आणि आगीवर ओतली. पेटत्या तेलावर पाणी! जाळ छपरापर्यंत गेला. आर्व्हिल समोर उभा होता. आठ दिवस दवाखान्यात काढून तो गेला.

तेव्हापासून हॉयटचं नाव पडलं 'बादली'. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. पण न्हाव्याकडे तो आत आला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "पाणी जपून वापरा रे." चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही. लग्न केलं नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवाराशेजारी एका जुन्या फिरत्या घरात राहायचा, ज्याची चाकं कधीच काढून टाकली होती.

आणि डेल्फिया म्हाताऱ्यांच्या आश्रमात कपडे धुण्याच्या खोलीत लागली. सव्वीस वर्षं तिनं तिथे टॉवेल वाळवले, घड्या केल्या. तिच्या घड्या कागदासारख्या असायच्या. आम्ही तिचं कौतुक करायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढे आमच्या चर्चला शंभर वर्षं झाली, तेव्हा बायकांनी पाककृतींचं पुस्तक छापायचं ठरवलं. डॉक्टरांनी निम्म्या मंडळीचं तळण बंद केलेलं, उरलेल्या निम्म्यांनी डॉक्टर बंद केलेले. तेव्हा सगळ्यांना डेल्फियाची काकडी हवी होती. ती न तळता, ओव्हनमध्ये करायची. चर्चच्या जेवणाला एक ट्रे आणायची आणि पाच मिनिटांत तो रिकामा. दाताखाली असा आवाज व्हायचा की पाद्रीबुवा प्रार्थना आटोपती घ्यायचे.

तिनं कृती लिहून दिली. पावाचा चुरा आधीच कोरडा भाजून तांबूस करा, कारण काकडीवर बसल्यावर त्याला रंग चढत नाही. चकत्या पिठात, मग अंडं फेटलेल्या ताकात, मग चुऱ्यात. ट्रे ओव्हनमध्ये आधी तापवा, वर जाळी ठेवा, जाळीवर चकत्या. सगळं बरोबर. आणि आम्ही तीनदा केली, तिन्हीदा चुरा ओल्या पायातल्या मोज्यासारखा निसटून खाली.

लिओटा, आमच्या मंडळाची अध्यक्ष, ट्रेकडे बघून म्हणाली, "ही बाई मुद्दाम काहीतरी लपवतेय. स्वर्गात जाताना कृती बरोबर नेणार आहे."

"तुझ्या केकमध्ये तू बाजारची पुडी घालतेस, ते लिहिलंस का?" मी म्हटलं.

"मोझेल, तू जा आणि विचार. बुधवारी पुस्तक छपाईला जायचंय."

म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी गेले. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडे शुक्रवारी कधी गेले नव्हते. ती बोलवायची नाही. सहा वाजत आले होते. मागचं दार उघडंच होतं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला. चर्रर्र. कढईत ओंजळभर काहीतरी सोडल्यावर येतो तो. पुन्हा चर्रर्र.

मला वाटलं, अगं बाई, तळतेय की ही! चोरून तळतेय! आत गेले तर शेगडी बंद. चारही चुली थंड. ओव्हनसुद्धा थंड. डेल्फिया टेबलाशी बसलेली, समोर चकत्या पसरलेल्या, आणि आवाज चालूच. कोपऱ्यातून नाही, नळातून नाही. शेगडीवर जिथे कढई असती, तिथूनच.

"ऐकू येतंय तुला?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "मला वाटायचं मलाच येतं," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बस. दर शुक्रवारी याच वेळी होतं, दहा मिनिटांत थांबतं."

मी बसले. मी लहानपणापासून चर्चला जाते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसला म्हणून आवाज थांबत नाही.

तिनं चकत्या एका फडक्यावर मांडल्या. वर दुसरं फडकं, त्यावर लोखंडी इस्त्री ठेवली. थोड्या वेळानं फडकी काढली, ओली होती, बाजूला टाकली. नवी दोन घेतली. पुन्हा तसंच. मग एकेक चकती उचलून पुसली, जसं तान्ह्या पोराचं तोंड पुसतात. मी मोजत बसले होते. चौदा फडकी.

"डेल्फी," मी म्हटलं, "हे तू कृतीत लिहिलं नाहीस. हेच राहिलंय! म्हणून आमचा चुरा गळतोय."

"ठाऊक आहे."

"मग लिही ना. एक ओळ आहे."

तिनं हातातली चकती खाली ठेवली. शेगडीकडे पाहिलं. आवाज विझत चालला होता, तेल निवल्यासारखा.

"त्या आठवड्यात तीन दिवस झड लागली होती," ती म्हणाली. "फडकी दोरीवर वाळलीच नाहीत. रांग रस्त्यापर्यंत गेलेली. आर्व्हिल ओरडत होता, आण, आण. मी बरणीतून झारा भरला आणि तसाच, खारासकट, पिठात उपडा केला. पिठाखाली ओल दिसत नाही, मोझेल. त्यानं बघितलं नाही. मी दिलेलं तो कधीच तपासायचा नाही."

तिनं बोटानं टेबलावरचं ओलं पुसलं.

"तेल उतू गेलं ते त्या ओलीनं. हॉयटनं पाणी टाकलं ते नंतर. पेटवलं मी."

"अगं, पण कुणी मुद्दाम..."

"थांब. अजून आहे. दवाखान्यात पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला. मला म्हणाला, डेल्फी, काकड्या कोरड्या होत्या ना? मी म्हटलं, हो." तिनं ओली फडकी एकावर एक ठेवली. "तर म्हणाला, मग सगळा दोष हॉयटचाच, त्याला आत पाठवू नकोस. हॉयट बाहेर बाकावर बसला होता. आठही दिवस. मी दार उघडून त्याला सांगितलं, आर्व्हिलला तुझं तोंड बघायचं नाही. आणि दार लावलं."

शेगडीवरचा आवाज आता पूर्ण थांबला होता.

"आता तू म्हणतेस ती ओळ लिही," डेल्फिया म्हणाली. "लिहिली तर लोक विचारतील. आणि हॉयट न विचारता समजेल. आणि न लिहून मेले, तर तो बादली म्हणूनच पुरला जाईल. मी ब्याऐंशीची आहे. तो एकोणऐंशीचा. कोण आधी, सांग."

मी म्हटलं, "माझी गाडी बाहेर आहे." पण त्या दिवशी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिनंच फोन केला. ओव्हनमधून ताजा काढलेला ट्रे फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. वाटेत एकच वाक्य बोलली, "खड्ड्यांतून हळू घे, चुरा पडेल."

हॉयटनं दार उघडलं. एवढा उंच माणूस, आता दाराच्या चौकटीत मावत होता. डेल्फियाला पाहून त्यानं टोपी काढली आणि मग ती कुठे ठेवावी हेच त्याला कळेना. एकतीस वर्षांत ती त्याच्या दारात आली नव्हती.

"आत या," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "तूही ये, मोझेल. पसारा आहे."

पसारा नव्हता. एक खुर्ची होती. ती डेल्फियाला दिली. तो पलंगावर टेकला आणि मी दारापाशी उभी राहिले. तिनं ट्रे त्याच्यासमोर ठेवला. त्यानं एक चकती उचलली, खाल्ली. कुर्रकन आवाज झाला. त्यानं डोळे मिटले.

"अगदी त्याच्यासारखी," तो म्हणाला.

"त्याच्यासारखी नाही," डेल्फिया म्हणाली. "ही कोरडी आहे." आणि तिनं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं. झडीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत. रडली नाही. पदरचं एक अक्षर घातलं नाही, एक वगळलं नाही.

हॉयटच्या हातात दुसरी चकती होती. ती त्यानं परत ट्रेमध्ये ठेवली, अगदी होती त्याच जागी.

"त्यानं विचारलं होतं?" तो म्हणाला. "मला आत येऊ देऊ नको म्हणण्याआधी, विचारलं होतं त्यानं?"

"हो."

"म्हणजे त्याला खात्री नव्हती. माझ्याबद्दल."

"नव्हती. मी करून दिली."

तो उठला. टोपी घातली. आपल्याच घरातून, आम्हाला आत ठेवून, बाहेर पडला आणि हौदांच्या रिकाम्या आवाराकडे चालत गेला. आम्ही तासभर थांबलो. तो परतला नाही. ट्रे तिथेच ठेवून निघालो.

मंगळवारी तिनं मला बोलावलं आणि कृतीची पहिली ओळ सांगून लिहून घेतली. तिला माझं अक्षर आवडायचं, कारण ते मोठं आहे. मी लिहिलं: 'चकत्या फडक्यात दाबून कोरड्या करा. फडकी बदला आणि पुन्हा करा. मी एकदा केल्या नाहीत, म्हणून तेल उतू गेलं आणि माझा नवरा गेला. त्यात हॉयट स्ट्राउडचा दोष नाही. दोष माझा.' मग पुढे चुरा, ताक, ओव्हन.

लिओटानं ते वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"हे पुस्तकात कसं जाईल, मोझेल? अलीकडे पुडिंग आहे, पलीकडे मक्याचा पाव आहे."

"मध्ये जाईल," मी म्हटलं.

"अगं, पाहुणे वाचतील!"

"वाचू देत. निदान काकडी तरी कुरकुरीत होईल त्यांची."

लिओटानंच न्हाव्याकडचं ते 'पाणी जपून वापरा' वाक्य सगळ्यांना हसत हसत सांगितलेलं होतं, मला आठवत होतं आणि तिलाही आठवत असावं. तिनं कागद गठ्ठ्यात घातला आणि बुधवारी तो छपाईला गेला.

शुक्रवारी मी पाच वाजल्यापासूनच डेल्फियाकडे जाऊन बसले. तिनं बोलावलं नव्हतं. पण ती एकटी असू नये असं मला वाटलं. तिनं चकत्या केल्या होत्या आणि हात मांडीवर ठेवून बसली होती. आठवड्यात हॉयटचा निरोप नाही, फोन नाही. ट्रेसुद्धा परत आला नव्हता.

सहाला थोडा वेळ असताना मागच्या पायरीवर पाय वाजले. हॉयट आत आला. काखेत रिकामा ट्रे होता, घासून लख्ख केलेला. खांद्यावर एक टॉवेल. तो कुणाकडे बघत नव्हता.

"किती आहेत?" त्यानं विचारलं.

"तीन बरण्या," डेल्फिया म्हणाली.

त्यानं खुर्ची ओढली, बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, चकचकीत डाग होता. तो मी कधी पाहिला नव्हता. एकतीस वर्षं उन्हाळ्यातही तो लांब बाह्यांचा शर्ट घालायचा. त्यानं एक चकती टॉवेलमध्ये घेतली आणि पुसू लागला. त्याची बोटं जाड, चकती निसटत होती, पण तो सोडत नव्हता.

"मी माफ केलंय असं समजू नकोस," तो म्हणाला.

"नाही समजत."

"ठीक आहे मग."

आणि शेगडीवर तो आवाज सुरू झाला. चर्रर्र.

डेल्फियानं डोळे मिटून घेतले. हॉयटचा हात थांबला. त्यानं बंद शेगडीकडे पाहिलं, मान जरा तिरकी केली, जशी दुकानात पुड्या बांधता बांधता तो तिरकी करायचा, आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"तेल नीट तापलेलं नाही," तो म्हणाला. "आर्व्हिलला कधी धीर नव्हताच."

कुणी उठून बघायला गेलं नाही. आवाज येत होता तोवर तो पुसत राहिला, एकामागून एक, आणि त्याचा टॉवेल ओला झाला. डेल्फियानं डोळे उघडले. त्याच्या हातातून तो ओला टॉवेल हळूच काढून घेतला, आणि आपल्या ढिगातलं एक कोरडं फडकं त्याच्या हातात दिलं.