बिननावाचा डबा आणि वेताची खुर्ची

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, वजनाने एकशे चार किलो आहेत. हे वहीत लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "लिही की. आकडा खरा आहे, मग लाजायचं कशाला?" म्हणून लिहिते.

एकोणीस वर्षं त्या वजन उतरवायच्या पावडरीच्या कारखान्यात कामाला होत्या. कारखाना म्हणजे काय, तर पुढे दुकान आणि मागे एक लांबट खोली. तिथे मेथी, दालचिनी, हिरव्या चहाची पानं दळायची, चाळायची, पिंपात ढवळायची आणि पुड्या भरून खोक्यात लावायच्या. पुढे दुकानात काउंटरमागे एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर वन्संना कधी बसू दिलं नाही. मालक म्हणायचा, "मावशी, मोडेल हो." खरं कारण वन्संच सांगायच्या, "अगं, मी पुढे बसले तर माल घेईल कोण? मी म्हणजे त्यांची उलटी जाहिरात!" आणि खो खो हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही.

पन्नाशीनंतर माझंही अंग सुटलं. जिना चढला की धाप. वन्सं पुड्या आणून द्यायच्या. त्याने पोट साफ व्हायचं, बाकी फरक शून्य. यंदा मात्र नवलच झालं. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. शेजारणी थांबवून विचारू लागल्या. मी देवाचे आभार मानले. तोंडाला कोरड पडायची, छाती धडधडायची, डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते सगळं मी वयाच्या खात्यावर टाकलं.

एका दुपारी वन्संना पाणी दिलं तर हात असा कापला की अर्धं पाणी त्यांच्या पदरावर.

"हे काय गं वहिनी?"

"वय झालं, वन्सं."

"वय माझं जास्त आहे. माझे हात बघ." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. भिंतीसारखे स्थिर. मग माझी वही ओढून घेतली. रोज सकाळी प्रार्थना झाली की चार ओळी लिहायच्या हा माझा नेम. त्यांना तो ठाऊक. चष्मा लावून त्या पानं उलटत बसल्या. आठ-दहा पानांनंतर थांबल्या.

"दर गुरुवारी 'शांत झोप लागली' लिहिलंयस. गुरुवारी काय करतेस?"

"उपास. दिवसभर पाण्याशिवाय काही घेत नाही."

"पुडीसुद्धा नाही?"

"छे! उपास म्हणजे उपास. आणि झोप लागते ती देवाची कृपा."

"कृपा आहेच. पण देव आठवड्यातून एकच दिवस कामावर येतो का?"

वन्संनी वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "तीन महिन्यांपूर्वी मालकाचा मेहुणा पांढऱ्या भुकटीचा डबा घेऊन आला. वर नाव नाही, गाव नाही. जीवनसत्त्व आहे म्हणाला. दर पिंपाला एक माप. मीच ढवळते गं. याच हातांनी."

दुसऱ्या दिवशी वही आणि पुडी घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझी नाडी पाहिली, छातीचा आलेख काढला. म्हणाल्या, "झाडपाल्यात गुण असतात, त्यावर संशोधनही चालू आहे. पण नऊ किलो आणि रात्रभर धडधड हे मेथीचं काम नाही. यात कुणीतरी औषध मिसळलंय. वजनावर खरी औषधं आहेत, पण ती तपासून, मोजून, लक्ष ठेवून द्यायची. चोरून नाही." आणि तिथूनच औषध निरीक्षकांना फोन लावला. माणूस उद्या दुपारी येतो म्हणाले.

"उद्या सकाळीच चाळीस खोकी बाहेर जायची आहेत," वन्सं म्हणाल्या.

घरी हे चिडले. "ताईची नोकरी जाईल. तू कशाला मध्ये पडतेस?"

"पुडी माझ्या पोटात गेलीय," मी म्हटलं, "मी मध्येच आहे."

सकाळी दुकान उघडताच वन्सं आत शिरल्या, वेताची खुर्ची उचलली, मागच्या खोलीच्या दारात ठेवली आणि ऐसपैस बसल्या. दार भरून गेलं. खोक्यांना दुसरी वाट नव्हती.

"मावशी, उठा. टेम्पो थांबलाय."

"थांबू दे."

मेहुणा पुढे आला. "तुम्हाला औषधातलं काय कळतं? आधी स्वतःचं वजन बघा!"

"बघितलं. तुमच्याच काट्यावर. माझं वजन माझ्या अंगावर आहे, चारचौघांत आहे. तुमच्या डब्यावर नावसुद्धा नाही. कोण लपवतंय?"

तोवर दोन गिऱ्हाइकं आली होती. वन्संनी त्यांनाही सांगितलं, पुडी घेऊ नका, घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा. मालकाचा चेहरा उतरला. "मावशी, एकोणीस वर्षं माझं मीठ खाल्लंत. शेवटचं सांगतो, उठा."

"उचला," वन्सं म्हणाल्या.

मालकाने एक दंड धरला, मेहुण्याने दुसरा. दोघेही लालबुंद झाले. वन्सं तसूभर हलल्या नाहीत. गिऱ्हाईकबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी बाजूला उभी राहून नामस्मरण करत होते, जरा मोठ्यानेच.

साडेतीनला निरीक्षक आले तेव्हा कुठे त्या उठल्या. चाळीसच्या चाळीस खोकी तिथेच होती. डबाही सापडला. पुढे प्रयोगशाळेतून उत्तर आलं, की हृदयाला घातक म्हणून बंद केलेलं औषध त्यात होतं.

नोकरी त्याच दिवशी गेली. माझे चार किलो परत आले. डॉक्टरीणबाई म्हणतात, येऊ द्या, बघू सावकाश. रोज संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो. काल मी विचारलं, "वन्सं, आठ तास बसलात. खुर्चीचं काय झालं हो?"

"काय होणार? चांगली दणकट होती."