बरोबर मधलं गाव

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात तराजू म्हणतो. लहानपणी केक आला की सुरी त्याच्याच हातात. कापून झाला की खाली वाकून, एक डोळा मिटून तो दोन्ही तुकडे न्याहाळायचा आणि जरा मोठा वाटेल तो मला द्यायचा. असा माणूस भाऊ म्हणून फार चांगला. नवरा म्हणूनही वाईट नाही. पण काही ठरवायला बसला की समोरच्याचा अंत पाहतो.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची बायको एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दोघांच्या नोकऱ्या दोन शहरांत, आणि शहरं अशी की एकात राहिलं तर दुसऱ्याचा निम्मा दिवस बसमध्येच जायचा. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, कोणीतरी एकाने बदली मागा." दोघांनीही मागितली, दोन्हीकडून नकार आला. एका पगारावर घर चालणार नव्हतं. मग तराजू माझ्याकडे आला. मी कपडे शिवते. माझ्याच टेबलावर त्याने नकाशा पसरला, माझ्याच रिळातला दोरा घेऊन रस्त्याच्या वळणावळणाने लावला, दोऱ्याची घडी घातली आणि घडी पडली तिथे बोट ठेवलं.

"हे बघ ताई. दोघांना सारखंच."

"तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. पण तिचंही कोणी नाही."

मी कपाळाला हात लावला.

तर हे बरोबर मधलं गाव. बस तिथे थांबायची, लोक उतरून पाय मोकळे करायचे आणि परत चढायचे. राहायला म्हणून कोणी जात नसे, त्यामुळे भाडं कमी. यांनी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि यावरून मी त्याला किती पिडलं असेल याला हिशेब नाही. सकाळी दोघं बरोबर जिना उतरायची. रस्त्याच्या अलीकडे ती उभी राहायची, पलीकडे तो. ज्याची बस आधी येईल तो दुसऱ्याला हात करायचा. भावजय सांगायची, "ताई, आमचं भांडण झालं असेल ना, तर समोरासमोर उभं राहून फार पंचाईत होते हो." मला ते ऐकून बरं वाटायचं. संसार चालला होता.

मग ठमी झाली. तिचं पाळण्यातलं नाव चांगलं आहे, पण गालांमुळे मी ठमी म्हटलं आणि तेच चिकटलं. तिला सकाळी पाळणाघरात सोडायचे वारसुद्धा तराजूने वाटून घेतले होते. पाळणाघर सुटून शाळा लागली. सगळं सुरळीत आहे असं तो फोनवर मोठ्या अभिमानाने सांगायचा.

एक दिवस ठमी शाळेच्या झोपाळ्यावरून पडली आणि मनगटाजवळ हात मोडला. शाळेने दोघांना फोन केले. माझा भाऊ तेव्हा एका इमारतीत, अडकलेल्या लिफ्टच्या टपावर बसला होता. आत एक म्हातारे गृहस्थ होते, हृदयाचं दुखणं असलेले, आणि घाबरून त्यांचा श्वास कोंडत होता. फोन खाली पिशवीत वाजत राहिला. भावजय एका मुलाचा एक्स-रे काढत होती. "हलू नकोस हं राजा," असं त्याला म्हणत असताना तिला निरोप आला. अंगावरचा शिशाचा जड एप्रन तिने तिथेच टाकला. बस सुटलेली होती. एका भाजीच्या टेम्पोवाल्याला हातापाया पडून ती निघाली.

गावातल्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा प्लास्टर ओलं होतं. जगाचे एक्स-रे काढणाऱ्या बाईच्या पोरीचा एक्स-रे कोणा परक्याने काढला होता, आणि "हलू नकोस" म्हणायला शेजारी शाळेची बाई होती. तराजू दिवेलागणीला आला. हातात चॉकलेट आणि चेहऱ्याला रक्त नाही. म्हातारे गृहस्थ वाचले होते. चूक कोणाची? कोणाचीच नाही. हाच तर ताप आहे. चूक कोणाची असती तर मी त्याला सोलून काढलं असतं.

मी आठवडाभर राहायला गेले. जास्त थांबणं शक्य नव्हतं, माझ्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दोऱ्याच्या मापात चूक नव्हतीच. माप दोघांचं घेतलं आणि कपडा तिसऱ्याच्या अंगावर चढवला. दोघांना सारखंच जवळ म्हणजे ठमीला दोघंही सारखीच लांब.

आता हलायचं हे नक्की झालं. पण कुठे? ज्याच्या शहरात जावं त्याला पोर मिळणार, आणि दुसरा अंधारात निघून अंधारात परतणार. आठवडाभर मी तेच ऐकलं.

"तुझ्याकडे जाऊ," तो म्हणायचा.

"नको, तुझ्याकडे," ती म्हणायची. दोघांचेही डोळे भरलेले. मनातून काय हवंय ते कोणीच बोलेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

रविवारी नाश्त्याला तराजूने तोडगा काढला. "ठमीलाच विचारू."

"अक्कल गहाण ठेवलीस का?" मी म्हटलं. "पाच वर्षांच्या पोरीला आई हवी की बाबा हे विचारणार?"

पण त्याने विचारलंच. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की हाच न्याय आहे. "ठमे, आपण नवीन घर घेणार आहोत. ते आईच्या कामाजवळ घेऊ की बाबाच्या?"

ठमीने प्लास्टरच्या हाताने ब्रेडची कड बाजूला सारली. "बाबाच्या."

भावजय कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. माझ्या भावाचा चेहरा असा काही फुलला की मला त्याचा राग आला, आणि लगेच कीवही आली.

"का गं?" त्याने विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"आई लांबून पण येते," ठमी म्हणाली. "बाबा लांब असला की येत नाही. म्हणून बाबाला जवळ ठेवू."

भावजयीने कांदा पुन्हा चिरायला घेतला आणि म्हणाली, "ठरलं तर मग." तिचे डोळे वाहत होते, पण समोर कांदा होता. तराजूने आयुष्यात पहिल्यांदा वाट्याला आलेला तुकडा किती मोठा आहे ते पाहिलं नाही. बशी तशीच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. माझं तोंड एरवी बंद होत नाही. त्या दिवशी मी नुसती त्याची बशी झाकून ठेवली.

आता ते त्याच्या शहरात राहतात. भावजय उजाडायच्या आत निघते आणि येते तेव्हा ठमीचे डोळे मिटायला लागलेले असतात. तराजूने वरिष्ठांच्या नाकदुऱ्या काढून पहाटेची पाळी मागून घेतली. सकाळी ठमीला शेजारीण शाळेत सोडते, आणायला तो जातो. शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी उभा असतो, सगळ्या पालकांच्या पुढे, फोन हातात धरून. एकदाही उशीर नाही.

परवा मीही त्याच्याबरोबर गेले होते. घंटा झाली, ठमी पळत आली, दप्तर त्याच्या हातात दिलं. मग रोज विचारते म्हणे ते विचारलं.

"आई निघाली का?"

"निघाली," तो म्हणाला. भावजय तेव्हा कामावरच होती.