टीव्ही पाठीकडून बघणारे साडू

टीव्ही घ्यायचा तर तो आधी पाठीकडून बघायचा, एवढं शहाणपण अख्ख्या बीड जिल्ह्यात एकाच माणसाला आहे आणि तो माणूस, माझं नशीब, माझा साडू आहे. साडू दिंद्रुडला असतात. घरी पिढीजात शेळ्या-मेंढ्या. दुपारी शेळ्या बाभळीखाली बसल्या की हे खिशातून मोबाइल काढतात आणि कुठला टीव्ही कसा, ते सांगणारे व्हिडिओ बघत बसतात. लोकांना सिनेमाची गोडी, यांना तो ज्यात दिसतो त्या डब्याची! गावात कुणी टीव्ही घ्यायला निघालं की आधी यांच्या ओट्यावर हजेरी लावतं. "एचडी रेडी म्हंजी येतो येतो म्हननारा पाव्हना. फुल एचडी म्हंजी आलेला. कोन पायजे ते ठरवा अन् मग जावा," असं सांगून ते माणसाला वाटेला लावतात. न विचारता घेतलात तर मेलात.

मी मेलो. पाच-सहा वर्षांपूर्वी अंबाजोगाईला बदली झाली, नवं घर मिळालं, त्या भरात बायकोला घेऊन दुकानात गेलो आणि चांगला त्रेचाळीस इंची टीव्ही उचलून आणला. पुढच्या रविवारी साडू आले ते चहाला न थांबता थेट टीव्हीमागे डोकं घालून उभे.

"पाव्हणं, ही वायर कोनी लावली?"

"दुकानातल्या माणसानं."

"हौद नवा बांधला अन् पानी जुन्याच नळीनं सोडलं व्हय? ही लाल-पांढरी-पिवळी काढा, एचडीएमआय लावा. डिशच्या डब्यातून चांगलं निघतंय, वाटंतच मरतंय बिचारं."

वायर बदलली आणि पडद्यावरची माणसं तोंड धुऊन आल्यासारखी दिसायला लागली. कबूल करायला जड गेलं, पण दिसायला लागली. एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! शेळ्या वळायची काठी त्यांच्या हातात कायम असते. ती त्यांनी भिंतीपासून फरशीवर दोनदा आडवी टाकली, खडूनं रेघ ओढली आणि सोफा रेघेमागे नेला. "दोन काठ्यांच्या आत बसायचं न्हाई. चित्र फुटतंय." मग जुना कार्यक्रम लावून बघितला, तर सगळी माणसं आडवी ताणलेली. ते असे चिडले की जणू त्यांच्याच सोयऱ्यांना कुणी ताणलं होतं. "जुनं चित्र चौकोनी आसतंय. बाजूला काळ्या पट्ट्या ऱ्हाऊ द्या की! मानसाला कावून रुंद करताव?"

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझ्याच घरात मी रेघेमागे बसायचं म्हणजे काय! पण बायको म्हणायची, "दाजी सांगतात ते खरंच असतं," आणि दुर्दैवानं ते असायचं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, साडूंची मालकीण. त्यानंतर महिनाभरात साडूंचा जुना, पेटीएवढा टीव्हीही बंद पडला, आणि गावाला टीव्ही घेऊन देणारा हा माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी टीव्ही घ्यायला अंबाजोगाईला आला. मी सोबत होतो. एकामागून एक तीन दुकानं झाली. दुकानदार झगझगीत पोपट आणि धबधबे दाखवायचा आणि साडू म्हणायचे, "दुकानातला पोपट घरी येत न्हाई, भाऊ. पाठ दाखवा." पाठ बघायची, मान हलवायची आणि बाहेर.

तिसऱ्या दुकानाबाहेर माझा संयम सुटला. "अहो, नेमकं हवंय तरी काय?"

"ती तीन भोकं. लाल, पांढरं, पिवळं."

मी थक्क झालो. माझ्या घरातून ज्या वायरीला हाकललं, तिच्यासाठी ही पायपीट! तेव्हा त्यांनी सांगितलं. थोरल्या मुलीच्या लग्नाची सीडी आहे, तिच्यात अक्का आहेत. सीडीच्या मशीनला तीच वायर, आणि आताच्या नव्या टीव्हींना ती भोकंच नसतात. मी म्हणालो, "स्टुडिओत देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊ."

"येकच हाय, पाव्हणं. दुसऱ्याच्या हाती दिली अन् चरा पडला तर? तिचं हालतं-बोलतं माझ्याकडं दुसरं कायबी न्हाई."

मग मीच पुढच्या दुकानाकडे वळलो. चौथ्या दुकानात कोपऱ्यात पडलेला एक जुना नमुना निघाला. त्याच्या पाठीला तिन्ही भोकं होती. समोरून तो कसा दिसतो हे साडूंनी विचारलंसुद्धा नाही.

बायकोलाही सोबत घेतलं आणि त्याच संध्याकाळी दिंद्रुडला साडूंनी तो स्वतः जोडला. लालात लाल, पिवळ्यात पिवळी. बायको पदर धरून माझ्याशेजारी बसली होती. मशीन कुरकुरलं आणि अक्का आल्या, पंगतीत बुंदी वाढताना. चित्र पार फुटलेलं, रंग उतरलेले, आणि अक्का आडव्या ताणलेल्या. साडूंनी रिमोट घेतला, काहीतरी शोधलं, आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

"ती येवढी रुंद न्हवती," ते म्हणाले.

अक्कांनी कॅमेऱ्याकडे बघून तोंडाला पदर लावला आणि हसल्या. बायकोला रडू आवरेना. साडू सरकत सरकत पडद्यापासून हातभरावर जाऊन बसले होते. आज काठी टाकायची पाळी माझी होती, पण ती मी कोपऱ्यातच राहू दिली.

"पाव्हणं," मागे न बघता त्यांनी विचारलं, "क्लिअर हाय ना?"

"लई क्लिअर हाय," मी म्हणालो.

टीव्हीबद्दलचं माझं एवढं एकच मत साडूंनी आजवर खोडलेलं नाही.