चवळीवरचा मावा

कपाशी फवारताना विषबाधा होऊन नवऱ्याची नजर गेली, तेव्हापासून राळेगावच्या कौसल्याबाईंनी परसबागेत फवाऱ्याचं औषध येऊ दिलं नाही. वांग्यांच्या कडेनं त्या चवळी लावत आणि तिच्यावरचा मावा, ही रस पिणारी बारीक कीड, मुद्दाम राहू देत. तो खायला ठिपक्यांचे ढालकिडे जमत आणि मग वांग्यांवरच्या माव्याचाही फडशा पाडत.

एकदा त्या नवऱ्याला घेऊन बाजाराला गेल्या असता शेजारच्या भीमराजनं चांगुलपणानं चवळी फवारून दिली. त्या परतल्या तेव्हा त्याच्या पाठीवर अजून पंप होता, सदरा औषधानं भिजलेला. मेलेले ढालकिडे पदरात वेचत त्या कडाडल्या, "कायले फवारलं रे?"

"मावा पडला होता, वहिनी."

"पाहुण्याइसाठी वाढलेलं ताट होतं ते! विष कालवलं तू त्यात!"

ओसरीवरून नवऱ्याचा आवाज आला, "तोंड मंग सोड. पहिले त्याले आंघोळीले पाणी दे."